पिवळी झाक

तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, पण गल्ली त्याला ओळखायची ती त्याच्या टॉर्चमुळे. थोरल्या बहिणीने एकदा चिडून त्याला उजेड्या म्हटलं आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. पन्नाशी उलटली तरी छंद सुटला नव्हता. जुने टॉर्च उघडायचे, आतला दिवा बदलायचा, काच पुसायची, आणि भिंतीवर उजेडाचा गोल पाडून तो न्याहाळत बसायचं. कपाटाच्या एका खणात तेवीस टॉर्च होते.

"घरात वीज आहे, रस्त्यावर दिवे आहेत. तुला हे काजवे पाळायची हौस कुठून लागली रे?" ताई विचारायची.

ताई कपडे शिवायची. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, ती कायमचीच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, त्यामुळे भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइट लावावी लागे. गिऱ्हाइकं घरीच यायची, तेव्हा ताईला खाली उतरायचं फारसं कारणही पडत नसे.

टॉर्च तसे अडीनडीला उपयोगी पडायचे. मोरीच्या जाळीत पडलेलं कानातलं, शेजारच्या छोटीने नाकात घातलेला मणी, माळ्यावर व्यालेली मांजर. कुणी दार वाजवलं की हा खणातून नेमका टॉर्च काढून निघायचा. "निघाली स्वारी," ताई म्हणायची, आणि परत आल्यावर मणी निघाला का, तेही आधी तीच विचारायची.

एका दुपारी तो घरी आला तेव्हा ताई एक ड्रेस मांडीवर घेऊन मख्ख बसली होती. गिऱ्हाइकाने तो परत आणून दिला होता. कापड एका रंगाचं आणि टीप भलत्याच रंगाची, अशी तक्रार होती.

"तीस वर्षांत असं झालं नाही बघ. मला तर दोन्ही सारखेच दिसतायत."

"थांब, तुझ्या ट्यूबची लबाडी आहे ती." त्याने नवा बनवलेला टॉर्च काढला. त्यातला दिवा असा होता की रंग उन्हात दिसावेत तसे दिसायचे. प्रकाश पडताच कापड तपकिरी आणि दोरा हिरवट झाला.

"अगं बाई! खरंच की." ताई हसली आणि तिने मान वर केली. त्याच्या हातातला टॉर्च सहज तिच्या चेहऱ्यावर गेला.

तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा होता. हळद पुसल्यावर बोटांवर राहते तसा. गळाही तसाच. त्याने झोत स्वतःच्या मनगटावर घेतला, पुन्हा तिच्या कपाळावर नेला, आणि टॉर्च बंद केला. ट्यूबच्या उजेडात ताई पुन्हा पूर्वीसारखी दिसू लागली.

"काय रे? भूत बघितल्यासारखा काय बघतोस?"

"ताई, तुला खाज सुटते ना हल्ली?"

"उकाड्याने सुटते."

"आणि जेवण?"

"जात नाही. वय झालं आता."

तो एवढंच म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जाऊ." रोज समोर बसून जेवणारी बहीण, आणि आपल्याला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

डॉक्टरांचा दवाखाना तळघरात होता, तिथेही पांढरी ट्यूब. त्यांनी पोट दाबलं, नाडी बघितली, थकवा आहे म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. उजेड्या सहसा कुणाला आडवा जाणारा माणूस नव्हता. पण त्याने खिशातून टॉर्च काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टरसाहेब, एकदा या उजेडात बघा."

डॉक्टरांनी बघितलं. लिहिलेली चिठ्ठी त्यांनी फाडली.

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. अजून महिनाभर उशीर झाला असता तर हात लावता आला नसता, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन सात तास चाललं. ताई घरी आली ती अर्धी होऊन, पण दोन महिन्यांत पुन्हा मशीनवर बसली.

त्यानंतर रोज सकाळी चहाआधी तो तिच्या डोळ्यांत टॉर्च मारायचा. पहिले काही दिवस तिने चालवून घेतलं. मग एकदा त्याचा हात ढकलला.

"पुरे झालं. सकाळी उठून तोंड बघावं तर तू तोंडावर बॅटरी मारतोस. मी काय चोर आहे?"

"काळजी वाटते गं."

"मलाही वाटते. म्हणून काय रोज उकरून बघायची?"

मग आठवड्यातून एकदाच, रविवारी, असं ठरलं. शनिवारी रात्रीच तो टॉर्चची काच पुसून ठेवायचा. अकरा महिने सगळं नीट गेलं. नंतरच्या एका रविवारी त्याने टॉर्च लावला, आणि नेहमीपेक्षा लवकर बंद केला.

"काय?" ताईने विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला खोटं बोलता येत असतं तर तुझं दुकान कधीच मोठं झालं असतं," ती म्हणाली. "चहा टाक. आणि या आठवड्यात मला शिवू दे. पुढच्या सोमवारी जाऊ."

तो आठवडाभर ती शिवत होती. घेतलेली सगळी कामं तिने संपवली, नवीन एकही घेतलं नाही. पुढे साडेतीन महिन्यांनी हॉस्पिटलातच तिचा जीव गेला, दुपारी, तो औषधं आणायला खाली उतरला होता तेव्हा.

बऱ्याच दिवसांनी त्याने तसाच एक टॉर्च बनवून डॉक्टरांना नेऊन दिला. डॉक्टरांनी तो टेबलाच्या खणात न ठेवता पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला. महिन्याभराने तो बॅटरी बदलायला गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "परवा एका ड्रायव्हरच्या डोळ्यांतला पिवळेपणा यानेच सापडला. वेळेत आला, बरा होईल."

"चांगलं झालं," उजेड्या म्हणाला. नवी बॅटरी बसवून त्याने टॉर्च दोनदा लावून बघितला. मग बाहेर आला आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर खाली बसला. पेशंट येत होते, जात होते. तो अंग चोरून त्यांना वाट देत राहिला. कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का? त्याने मान हलवली, पण हो की नाही ते त्या माणसाला कळलं नाही.