नमुना म्हणून नेलेली पाटी

मी येक जुनी बांबूची पाटी हाय. पन मित्रांनो, माज्यातनं कदी शेण वाहिलं न्हाई का भात उचललं न्हाई. नुसती बसून जुनी झाले. त्याचाच राग हाय मला.

कोळवणच्या वरल्या अंगाला कातकरवाडी हाय. तितल्या बाळाबाईनं मला विणली. हिरवा बांबू चिरला, कामट्या काढल्या आन दुपारच्या आत काठ बांदून मोकळी. तिचा सासरा चिंधू मला उलटी करून माज्या बुडावर बसला. मी हलले पन न्हाई. "बरी हाय," म्हनला. म्हातारा येवडं कुनालाच म्हनत न्हाई.

साठ साल आसंल. पुण्याच्या पल्याड येक सरकारी कारखाना कंदिलाच्या काचा करायचा. त्या भरायला पाट्या पायजे हुत्या, आन पाट्या खेड्यातल्या कारागिरांकडनंच घ्या, आसा वरनं हुकूम. जीपमदनं खरेदीचे साहेब आले. माज्यात काचा रचून बघितल्या. बरोबर बसल्या. "अशाच पाचशे करा, तंतोतंत," म्हनले, आन माज्या काठाला लाखेचा शिक्का मारून मला घिऊनच गेले. नमुना म्हनं हापिसात ऱ्हातो.

मागं काय झालं ते मला नंतर आलेल्या पाट्यांनी सांगितलं. दिवाळी झाली की समदी वाडी ठेकेदाराच्या मागं कोळशाच्या भट्टीवर जायाची, पार कोकणात. पोरं, कोंबड्या, समदं घिऊन. त्या साली बाळाबाईनं त्याला तोंडावर सांगितलं, "आमी येत न्हाई. आमाला हितंच काम हाय."

आन मग घोटाळा झाला. वाडीत फूटपट्टी कुटली? समदं माप वितीचं. बाळाबाई बायांना म्हनली, "रुंदी तीन वीत, उंची दीड वीत." जिनं तिनं आपापल्या वितीनं मोजलं. पारूचा हात पोरीयेवडा, रंभाबाईचा फावड्यासारखा. मी तितं आसते तर येकीनं तरी शेजारी ठिवून बघितलं आसतं.

कारखान्याच्या फाटकात पाट्यांचा ढीग लागला. साहेबांनी मला मदी ठिवलं. येका पाटीत काचा खुळखुळल्या, दुसरीत शिरल्याच न्हाईत.

"सगळ्या नापास," साहेब म्हनले. "नमुना दिला होता ना?"

पारू ठेंगणी, पन जीभ लांब. "दिला न्हवता सायेब, नेला हुता!"

"मग माप घेऊन ठेवायचं."

"घेतलं की. हे बगा." तिनं पंजा फाकून त्यांच्या नाकाफुडं धरला. कारकून फिदीफिदी हसला.

बाळाबाई हसली न्हाई. "सायेब, ही पाटी माज्यासंगं द्या. समद्या नव्यानं विणतो."

"नमुना बाहेर नेता येत नाही, बाई."

मला तोंड आसतं तर त्या साहेबाला चावले आसते. काम पुण्याच्या व्यापाऱ्याला गेलं. वाडी भट्टीवर गेली.

थंडी सरता सरता कारखान्याला आठवलं, गोरगरिबांसाठी बी कायतरी करायचं आसतं. मदतीचे साहेब कांबळी घिऊन निगाले. संगं खरेदीचे साहेब, फोटोवाला आन फोटोपुरती बाहेर काढलेली मी. वाडीत समदी दारं बांदलेली. चालवत न्हाई म्हनून चिंधू येकटाच मागं ऱ्हायलेला. त्याच्या खांद्यावर कांबळं टाकलं, मांडीवर मला ठिवलं. माज्या काठावरनं बोट फिरवून म्हातारा म्हनला, "ही आमच्या बाळीची."

मग वर बघितलं. "कांबळी कुनाला देता? मानसं भट्टीवर हायेत. पाट्या घ्या, म्हंजी येतील माघारी."

"आजोबा, पाट्यांचं खातं वेगळं. आम्ही मदतीचे."

"आरं, येकाच गाडीतनं आलाय न्हवं?"

खरेदीचे साहेब डोंगराकडं बघत ऱ्हायले. फोटो निगाला.

आता तो फोटो हापिसात टांगलाय आन त्याच्याखाली मी. पाहुणं येत्यात, वा वा करत्यात. शिपाई रोज फडकं मारतो. बाळाबाई दर साली भट्टीवर जाते.

जुन्या वस्तू जपा, आसं समदी तुमाला शिकवत्यात. मित्रांनो, मी सांगते, मला जपू नका. कुनी हातानं केलेलं कपाटात ठिवू नका. वापरा. बूड फाटूस्तवर वापरा. फाटलं की टाका, आन करनारीच्या दाराशी दुसरं मागायला जा. ती घरी घावली पायजे.