खळीचे पंख

बाल्सा लाकडाची ती फासळी तळहातावर होती तरी असल्यासारखी वाटत नव्हती — बोटभर लांब, पापडाहून पातळ, आणि कड इतकी गुळगुळीत की तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा पॉलिशपेपर अजून तिच्यावरून फिरत असावा... रिक्षा भोपाळच्या शाहपुरा तळ्याला वळसा घालून निघाली तेव्हा कमलिनीबाईंनी मूठ सैलच ठेवली. नवऱ्याच्या, सुभाषरावांच्या, शेवटच्या ग्लायडरसाठी कापलेल्या फासळ्यांतली ही एक जादाची. बाकीच्या घरी पंखाच्या सांगाड्यात बसलेल्या होत्या. वर कागद मढवायचा तेवढा राहिला होता, आणि मढवण्याआधी मधल्या फासळीवर, बनवणाऱ्याने पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं, अशी त्यांच्या कारखान्यातल्या मॉडेल-विमानांच्या क्लबाची पद्धत. ते नाव अजून लिहिलेलं नव्हतं. तीन वर्षं कागद मिळत नाही म्हणून काम अडलंय, असं कमलिनीबाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. अडलं होतं ते नावाशी.

"आई, ऑनलाइन मागवते ना, परवा घरी येईल," सून पूजा सकाळी म्हणाली होती. पण कागद बोटांत चुरून पाहिल्याशिवाय, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकल्याशिवाय घ्यायचा कसा? न्यू मार्केटात तिघांनी पतंगाचा कागद दाखवला, एकाने भेटवस्तूंचा चकचकीत. शेवटी एका स्टेशनरीवाल्यानेच मॉडेल-विमानांचं सामान विकणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला — हबीबगंजला, स्टेशनसमोरच्या गल्लीत, जिना चढून वर. स्टेशनचं नाव बदललंय म्हणे. माझ्या तोंडात हबीबगंजच बसलंय, कमलिनीबाईंच्या मनात आलं.

जिन्यात भाजलेल्या पावाचा वास होता, आणि त्या वासाबरोबर रविवार आला... कारखान्यामागचं मैदान, सतरंजी, स्टीलचा मोठा डबा. मी गिरगावातून आलेली — हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी; लोणी पावाच्या कडेपर्यंत लावायचं, नाहीतर चटणी पावात मुरते. इंदूरचे जोशी म्हणायचे, वहिनी, शेवेशिवाय सँडविच म्हणजे नुसता पाव की हो! घोषबाबूंना मोहरीची झणझणीत चटणी हवी. इथल्या लोकांना कांदा-टोमॅटो भरून, तव्यावर दाबून, काळे डाग पडेपर्यंत भाजलेलं. चेहरे पुसट झाले, पण कुणाला काय आवडायचं ते अजून आठवतं. आणि सगळ्यांची तोंडं भरलेली असताना यांचं विमान सुटायचं, ऊन पंखांतून आरपार... सगळ्यांच्या माना वर, माझीही. काय हात आहे, वाटायचं.

"वहिनी? सुभाषदादांच्या ना तुम्ही? बसा, बसा ना!" दुकानातला पांढऱ्या मिशांचा माणूस उठून उभा राहिला. "मी उदय शितोळे, ग्वाल्हेरचा. कारखान्यात दादांच्याच शॉपमध्ये होतो. तुमचे सँडविच किती खाल्ले असतील मी!" काउंटरवरचं कागदात गुंडाळलेलं सँडविच त्याने पुढे सरकवलं. "हे घ्या अर्धं. शेववालं आहे, तुम्हाला चालायचं नाही म्हणा."

"दात होते तोवर नाक मुरडलं. आता दात गेल्यावर शेव खायला घालतोस होय?"

पण घास घेतला. आधी पावाचा कुरकुरीतपणा, मग शेव, मग खालून हळूच टोमॅटोचा ओलावा... छान होतं. खरंच छान होतं. इतकी वर्षं उगाच.

"वर बघा," उदय म्हणाला. छताच्या हुकाला एक जुना ग्लायडर टांगलेला होता. "दादांनीच दिला होता मला, सत्त्याऐंशीत. कागद बघा, वहिनी. अडतीस वर्षं झाली, एक सळ नाही. किती ट्राय केलं मी, जमतच नाही. काय हात होता दादांचा!"

शनिवारची दुपार. साबुदाण्याची पातळ खळ, साड्यांना लावायची तीच, फडक्यातून गाळलेली. कागद मधून कडेकडे नेत नेत बसवायचा, वर पाण्याचा हलका शिडकावा, आणि मग तो आपोआप ताणत जाताना नुसतं बघत बसायचं. हे तेव्हा व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे — आपला श्वाससुद्धा लागू नये म्हणून. आणि रविवारी मैदानावर म्हणायचे, माझे पंख. मीही म्हणायचे, यांचे. खोटं कुणीच बोलत नव्हतं, असं वाटायचं...

"ते मी मढवलेत," कमलिनीबाई म्हणाल्या.

उदय हसला. मग ते हसू अर्ध्यावर राहिलं. "तुम्ही? म्हणजे... तुम्ही तर सँडविच—"

"साबुदाण्याची खळ. आदल्या दिवशी दुपारी."

"मग आत नाव कुणाचं?"

"त्यांचंच. फासळ्या त्यांच्या होत्या. अशा फासळ्या कापणारा दुसरा बघितलायस तू?"

उदयने स्टूल ओढलं, गुडघ्यावर हात टेकून तो त्यावर चढला, आणि पंखाला न शिवता, अगदी जवळून बघत राहिला. त्याला पटलं की नाही, कळेना. आपण ह्यांचं काही काढून घेतलं, असं आता आपल्याला वाटेल, याची कमलिनीबाई वाट बघत होत्या. तसं काही वाटलं नाही. कागदाचं विचारायचं राहूनच गेलं होतं. लगेच नको, त्यांना वाटलं. बघू दे त्याला अजून थोडा वेळ.

त्यांनीही मान वर केली. ट्यूबलाइटचा उजेड कागदातून आरपार येत होता, खाली एकेका फासळीची सावली. काय हात आहे — मनात उमटलं, मैदानावर उमटायचं तसंच, त्याच जागी. आणि या वेळी ते कौतुक ह्यांच्याकडे जायचं की आपल्याकडे, ते न कळून तिथंच तरंगत राहिलं...