भरलेली टाकी

आमचे हे झाडं कापतात, आणि पेट्रोलवरच्या करवतीला माझ्यापेक्षा जास्त जपतात. ती बरेच दिवस पडून राहणार असली, की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हा यांचा नियम. चार दिवसांत परत कामावर जायचं असेल, तरच टाकी भरलेली ठेवतात.

परवा फांदीवरून पडून पाय मोडला. प्लास्टर वाळतंय न वाळतंय, तोच दवाखान्यातल्या खाटेवरून मला म्हणाले, “अगं, करवतीची टाकी रिकामी कर.”

माझं डोकंच फिरलं. “मुळीच नाही करणार! चार दिवसांत घरी या, आणि काय करायचं ते तुम्हीच करा.”

हे हळूच म्हणाले, “बरं. निदान झाकण तरी घट्ट लाव.”