रिकाम्या नळीचा शुक्रवार

मित्रांनो, पश्चिम जावाच्या डोंगरात, चहाच्या मळ्यांखालच्या एका वस्तीत, लिलिस नावाच्या बाईच्या मागच्या दाराशी मी टांगलेली असते. हातभर लांबीची, धुराने काळवंडलेली बांबूची नळी. तळाला बांबूची गाठ आणि तोंडावर नारळाच्या करवंटीचे झाकण, एवढाच माझा संसार. आता तळाशी चीर गेली आहे आणि तिच्यातून तांदळाचा भुगा गळतो. माझे फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून सांगायचे ते आज सांगते.

लिलिसच्या आजोबांनी मला घडवले. एकाच बांबूची त्यांनी दोन पेरे कापली. वरचे पेर मी, खालचे पेर माझी बहीण. भुंगा लागू नये म्हणून आम्हा दोघींना महिनाभर एकाच चुलीवर धुरी दिली. मग मी याच घरात राहिले आणि बहीण गल्लीच्या टोकाला, रुमसीच्या घरी गेली. रुमसी तेव्हा नवी नवरी होती. पुढे ती म्हातारी झाली, एकटी पडली, आणि सगळी वस्ती तिला निनी म्हणू लागली. निनी म्हणजे आमच्याकडे आजी.

वस्तीचा रिवाज सोपा होता. शिजवायला तांदूळ काढले की धुण्याआधी त्यातली एक मूठ नळीत टाकायची. आधी नळी, मग भांडे. उरलेसुरले चालत नसे. शुक्रवारी सकाळी वस्तीतले वडीलधारे आबाह दारमा पोते घेऊन दारोदार फिरत, प्रत्येक नळी हलवून पाहत आणि पोत्यात ओतून घेत. ते तांदूळ वस्तीच्या कोठीत जात. एखादी नळी रिकामी निघाली तर आबाह त्या घराला काहीच विचारत नसत. दिवस मावळायच्या आत त्या घराच्या मागच्या पायरीवर तांदळाचे गाठोडे ठेवलेले असे. कोणी तोंडाने मागायचे नाही आणि कोणी दिल्याचे बोलायचे नाही, अशी रीत होती.

लिलिसची आई उनेह या बाबतीत फार कडक. लिलिस तिला आंबू म्हणे. लिलिस चार वर्षांची झाली तशी आंबूने तिला माझ्यासमोर उभे केले. पोरीची मूठ केवढीशी, त्यातले निम्मे तांदूळ जमिनीवर सांडत आणि कोंबड्या धावत येत.

"आंबू, तूच टाक ना. तुझी मूठ मोठी आहे."

"माझी मूठ माझ्या सवयीची. तुझी तुला लावायची आहे."

एकदा पोरगी विसरली आणि दुसऱ्या दिवशी दोन मुठी घेऊन आली. आंबूने एक मूठ परत भांड्यात टाकायला लावली. म्हणाली, "कालचा दिवस काल गेला. आजची एकच." मला तेव्हा आंबूचा राग आला होता. आलेले अन्न परत का पाठवायचे? मी नळी आहे, मला भरण्यापलीकडे काही कळत नव्हते. लिलिसचा बाप गेला त्या सकाळीही आंबू रडत रडत माझ्यापाशी आली आणि मूठ टाकून गेली. हात आपोआप आला होता. त्या दिवसापासून मी तिला मानू लागले.

एका वर्षी उंदरांनी शेतातला भात खाल्ला आणि मी ओळीने पाच शुक्रवार रिकामी राहिले. पाचही वेळा पायरीवर गाठोडे आले. लिलिसने भात खाता खाता विचारले, "हे कुणी दिलं?"

"नळीनं," आंबू म्हणाली.

"नळीत तर काहीच नव्हतं."

"म्हणून तर दिलं. खा मुकाट्यानं."

लिलिस मोठी झाली, शहरात शिलाईच्या कारखान्यात लागली, लग्न करून विजेचे भात शिजवायचे भांडे घेऊन घरी परतली. त्याच वर्षी आंबू गेली. आता लिलिसला पहाटेच कारखान्याची गाडी धरावी लागे. एक दिवस ती माझ्यासमोरून जाता जाता म्हणाली, "उद्या दोन टाकते." दुसऱ्या दिवशी तिने खरेच दोन टाकल्या. परत पाठवायला आंबू नव्हती. मग दोनाच्या तीन झाल्या, आणि शेवटी गुरुवारी संध्याकाळी एकदम सात मुठी पडू लागल्या. मी काठोकाठ भरत होते, आबाह ओतून नेत होते. मित्रांनो, मला त्यात काही खटकले नाही, हे कबूल करते.

मग एक गुरुवार चुकला. शुक्रवारी आबाहनी मला हलवले, झाकण काढून आत पाहिले आणि निघून गेले. संध्याकाळी लिलिस कामावरून आली तर पायरीवर गाठोडे. शेजारणीने कुंपणावरून ते पाहिले होते. ती हसून म्हणाली, "काय गं, कारखान्यात पगाराच्या जागी दोरे देतात का आता?"

लिलिसला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी आबाह वाटेने जात होते, तेव्हा तिने गाठोडे त्यांच्या हातात कोंबले.

"आबाह, आम्ही काय उपाशी आहोत? मी विसरले होते नुसती."

"पोरी, विसरलेली नळी आणि उपाशी नळी, बाहेरून सारख्याच दिसतात. मी कशी ओळखू?"

"मग ही रोजची कटकटच नको. ईदला मी अख्खं पोतं देईन. वर्षाच्या मुठींहून जास्त होईल, बघा मोजून."

"होईल ना. पण मग शुक्रवारी मी तुझ्याकडे कशाला येऊ?"

"नका येऊ. तुमचे गुडघेही दुखतात."

आबाह गाठोडे घेऊन वाटेला लागले. लिलिसने मला खिळ्यावरून काढले आणि कपाटामागे उभे केले. माझ्यात तुटका झाडू आणि दोन कालथे ठेवले. दारातला खिळा तसाच राहिला.

लिलिस वाईट नव्हती. तिने ईदला खरेच पोते दिले, चांगल्या तांदळाचे. ते पाहून बाकीच्यांनाही युक्ती पटली. एकेक नळी उतरली. कोठी कधी नव्हे इतकी भरली. गल्लीत चारच नळ्या उरल्यावर आबाह एक शुक्रवार सोडून येऊ लागले, आणि मग गुडघेदुखीने घरीच बसले. कुणाला काही कमी वाटले नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असे तुम्ही शाळेत शिकता. इथे तर घागरीने तळे भरत होते, थेंबांची आठवण कोण काढणार?

त्या पावसाळ्यात निनी रुमसी गेली. एका मंगळवारी कोणीतरी शिडी मागायला तिच्या घरी गेले, तेव्हा कळले. तिला जाऊन दोन दिवस झाले होते.

निनीला शेवटची आंघोळ घालायला गेलेल्या बायकांत लिलिस होती. परत आली ती ओल्या कपड्यांनीच स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. नवऱ्याने विचारले, तेव्हा हळूहळू बोलली.

"चुलीवर परसातल्या कसावाची पानं उकडलेली होती. दुसरं काही नव्हतं घरात."

"मागितलं का नाही तिनं? कोठीत अकरा पोती पडलीत."

"मागितलं होतं," लिलिस म्हणाली. "नळी दाराला होती. पुसून स्वच्छ केलेली. झाकण काढून बाजूला ठेवलं होतं, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच रिकामी दिसावी."

मी कपाटामागे होते, कालथे माझ्या पोटात. माझी बहीण कितीतरी शुक्रवार तोंड उघडे ठेवून थांबली होती, आणि तिच्या वाटेवर येणारे कोणी उरले नव्हते. लिलिस आणि मी, आम्ही दोघींनी मिळून ती वाट बंद केली होती. मी दारात असते तर आबाह आले असते. मला हे कोणी समजावून सांगायला नको होते.

लिलिसने मला बाहेर ओढले, घासले, पुन्हा त्याच खिळ्यावर टांगले. दुसऱ्या पहाटे तिने मूठ भरली. हाताची सवय मोडली होती आणि तांदूळ जमिनीवर सांडत होते, चार वर्षांची होती तेव्हासारखे. तेव्हापासून तिचा एकही दिवस चुकलेला नाही. तापात चुकला नाही, गाडी सुटली तरी चुकला नाही. आंबू असती तर तिने मान डोलावली असती.

पण घ्यायला कोणी येत नाही. पहिल्या शुक्रवारी ती स्वतः पोते घेऊन निघाली. घरोघरी तिला नुसते खिळे दिसले. एक बाई म्हणाली, "अगं, तांदूळ हवेत तर कोठीतून ने ना. लाजतेस कशाला?" लिलिस तशीच परतली. निनीच्या घराला कुलूप आहे आणि माझी बहीण कुठे गेली ते मला माहीत नाही. आबाह उन्हात बसतात, त्यांना आता माणसे ओळखू येत नाहीत.

माझ्यातल्या तांदळांना सोंडे लागतात. मग लिलिस ते कोंबड्यांपुढे ओतते आणि सकाळी पुन्हा पहिली मूठ टाकते. हिची सवय पक्की झाली, मित्रांनो, पण सवय ज्यासाठी होती ते उरले नाही. सवय सोडायला तिला एकटीला जमले. परत लावायला सगळी वस्ती लागते, आणि वस्तीला वेळ नाही.

तुमच्या घरी रोजचे एखादे लहानसे काम असेल, तर ते साठवून एकदम करू नका. आणि आपले काम झाले की शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन या. त्याची नळी हलवून बघा, आवाज येतो का ते ऐका.

आज शुक्रवार आहे. लिलिस मला खिळ्यावरून उतरवून झाकण काढते, आत बघते आणि निनीने ठेवले होते तसे झाकण बाजूला ठेवते. मी गळ्यापर्यंत भरलेली आहे, आणि रस्त्यावर कोणी नाही.