बर्फावरच्या घराची मोरी

सिंगापुरातल्या आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात बारा माणसं बसायची आणि त्यांतल्या एकानंही गोठलेलं तळं पाहिलेलं नव्हतं. तरी तीन वर्षं आम्ही गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवायची घरं डिझाइन करत होतो. ही घरं चाकांवरची. अमेरिकेतली माणसं ती गाडीला जोडून तळ्यावर ओढत नेतात, चाकं वर घेऊन घर बर्फावर टेकवतात, घराच्या तळाला असलेल्या गोल भोकांतून गळ सोडतात आणि आत उबेला बसून मासे धरतात. यंदा आमच्या अमेरिकन कंपनीच्या मनात आलं, की हीच घरं मासे न धरणाऱ्यांनाही विकावीत, हिवाळी सहलींसाठी कॅम्पर म्हणून. ते काम आमच्याकडे आलं, कारण आमच्याकडे तेव्हा दुसरं काम नव्हतं.

आमचे मॅनेजर शैलेंद्र सर पुण्याचे. "थंडी मला कुणी शिकवू नये," ते पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले. "डिसेंबरात महाबळेश्वरला मी बिनस्वेटरचा राहिलोय." हे सांगताना त्यांच्या अंगात जॅकेट होतं, कारण ऑफिसचा एसी एकोणीसवर होता.

बाकीचे हसले. मी हसले नाही. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, नोव्हेंबरात संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, ते या प्रोजेक्टवर ठरणार होतं. माझी मुलगी जाई इथल्या क्वीन्सटाउनमध्येच लहानाची मोठी झाली. तिचा पास माझ्या पासला बांधलेला. तिचे बाबा दुसऱ्या देशात दुसरा संसार करतात. त्यांच्यावर इथे जास्त शब्द खर्च करत नाही. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायचा अर्ज दोनदा नाकारून झाला होता. तरी मला इथेच राहायचं होतं.

नमुन्याचं घर जहाजानं आलं. चाचणीसाठी जुरोंगमधल्या गोठवलेल्या कोळंबीच्या गोदामातली एक मोठी खोली मिळाली, उणे वीस अंशांची. घर तिथल्या फरशीवर टेकवलं. आता त्यात दोन दिवस, नऊ ते पाच, कुणीतरी राहायला हवं होतं. मासेमारीतलं काही न कळणारं, साधं गिऱ्हाईक. ऑफिसात एकाएकी सगळ्यांना सर्दी झाली. माझी आई लीलाबाई तेव्हा अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. ती म्हणाली, "मी बसते की. घरी तरी काय करते? तुझं काम होईल ना, रुपाली?"

दोन दिवस आई तिथे मजेत राहिली. विजेच्या हीटरवर खूश, पलंगावर खूश. तिनं चहा केला, खिचडी केली, मलाही डबा भरून दिला. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, तक्रार नाही.

"फक्त मोरी फार लहान केलीय गं," निघताना आई म्हणाली. "पण पाणी जातं बरोबर."

मी "बरं" म्हटलं आणि वही मिटली. आईनं मोरीबद्दल बोलावं यात मला वावगं काय वाटणार? त्या घराला मोरीच नव्हती, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या दिवशी अमेरिकेतले मोठे साहेब, वेन, व्हिडिओवर आले. शैलेंद्र सरांनी हातमोजे चोळत जाहीर केलं, की आता बटण दाबताच घर चाकांवर उभं राहील आणि गाडी ते बाहेर ओढून नेईल. मी बटण दाबलं. मोटर कण्हली. घर तसूभर हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी खाली वाकून बघितलं. गळ सोडायच्या भोकाखाली बर्फाचा जाड थर साचला होता, त्यात चहाचा चोथा होता, खिचडीतलं जिरं होतं, आणि घराची लोखंडी चौकट फरशीला घट्ट धरून बसली होती. दोन दिवसांचं खरकटं पाणी.

"हे रुपालीच्या आईंनी केलंय," सर लगेच इंग्रजीत म्हणाले.

 खरं सांगते, त्या क्षणी मला त्या घराचा हेवा वाटला. दोन दिवसांत ते सिंगापूरला असं चिकटलं होतं, की मोटरलाही उठवेना. मला तेरा वर्षांत ते जमलं नव्हतं.

वेन मात्र खो खो हसत सुटला. "आमची माणसं चाळीस वर्षं त्या भोकात पाणी ओततायत," तो म्हणाला. "पण तिथे खाली तळं असतं. कॅम्परखाली जमीन असणार, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! ही चाचणी कुणाची कल्पना?"

"माझी," शैलेंद्र सर म्हणाले. "मुद्दाम आखली होती."

नव्या आराखड्यात भोकाखाली गरम राहणारी टाकी आली. सरांनी तिला चार शब्दांचं भारदस्त इंग्रजी नाव दिलं, आद्याक्षरं जुळवून मोरी होईल असं. आईनं अकोल्यात सगळ्यांना फोन करून सांगितलं, की अमेरिकेत मोरी गेली आणि आता माझ्या रुपालीचा पास पक्का. मलाही तसंच वाटत होतं. जाईला मी नव्या वर्षाचे शाळेचे बूटसुद्धा घेऊन टाकले.

पंधरा दिवसांनी मेल आली. या चाचणीतून कंपनी एक मोठी गोष्ट शिकली होती, की थंडीचं काम थंडीत राहणाऱ्यांनीच करावं. सिंगापूरची टीम बंद. शैलेंद्र सर शीत हवामानाचे तज्ज्ञ म्हणून अमेरिकेत, मिनेसोटाला. बाकी सर्वांचे मनःपूर्वक आभार.

पास गेला, आता परत जायचं, असं मी जाईला सांगितलं. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "देन माय फ्रेंड्स हाऊ?" मग माझ्या मित्रमैत्रिणींचं काय?

 स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, मी पोटभर रडले.

फ्लॅट सोडायच्या दिवशी बॅगा दाराशी लागल्या होत्या, बूट खोक्यातच होते. आई पदर खोचून मोरी घासत होती. घरमालक बघायला येणार, त्याला आमचा एकही डाग दिसायला नको, असं तिचं म्हणणं. शेवटची बादली तिनं ओतली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली, "पाणी जातं बरोबर."

गेलं. मागे काहीसुद्धा चिकटून राहिलं नाही.