एकतीस चौकटी

पडद्यावर एका सेकंदात माझ्या चोवीस चौकटी येऊन जातात. एक चौकट सरकून दुसरी येईपर्यंत यंत्रातली पाती दिव्यासमोर आडवी येते आणि पडदा काळा होतो. हा काळोख इतका छोटा असतो की डोळ्यांना तो कळतच नाही. पण हे सगळे काळोख एकत्र मोजले, तर दीड तासाच्या खेळात प्रेक्षक जवळजवळ पाऊण तास अंधाराकडेच पाहत असतो.

मित्रांनो, मी एका जुन्या चित्रपटाची प्रत आहे. माझे नाव ‘शेवटचा भोंगा’. एकोणीसशे एक्कावन्न साली लॉस एंजेलिसच्या एका रसायनशाळेत माझा जन्म झाला. माझ्या अंगावरचा काळा रंग हा खरे तर रंग नव्हे. ती चांदी आहे, चांदीचे अतिसूक्ष्म कण. जिथे सावली दाट, तिथे चांदी जास्त. माझ्यासारख्या चित्रपटांत सावल्या फार असतात, म्हणून आम्ही अंगाने श्रीमंत असतो.

पाच रिळांत गुंडाळून मला सॅन पेद्रो बंदरातल्या अरियागांच्या थिएटरात आणले गेले. माझी गोष्ट तिथल्याच मासळीच्या कारखान्यातली होती. कारखान्यातली कारकून अ‍ॅडा भीतीपोटी आपल्या प्रियकराविरुद्ध खोटी साक्ष देते आणि न्यायालयाचा जिना उतरते. पहिल्या आठवड्यात कारखान्यातल्या बायका कामावरून थेट खेळाला यायच्या. नायकाने मासा कापायची सुरी हातात धरली की त्या खो खो हसायच्या. “अगं, हा मासा कापतोय की पावाला लोणी लावतोय?” असे कोणीतरी ओरडे. पण अ‍ॅडा जिना उतरू लागली की सगळ्या गप्प होत. अर्ध्या जिन्यावर ती थांबे, कठड्यावरचा हात न काढता एकदाच मागे वळून पाही. त्या एका नजरेत तिचा सगळा पश्चात्ताप होता. ती नजर एकतीस चौकटींची होती, म्हणजे सव्वा सेकंदाहून किंचित अधिक.

यंत्र चालवणारा व्हर्नन टॅकेट तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. त्या काळी ऑपरेटरांना एक खोड असे. आवडलेल्या दृश्याची एखादी चौकट कातरून ते पाकिटात ठेवत. एका चौकटीने काही बिघडत नाही, असे प्रत्येकाला वाटे. व्हर्ननने मात्र एकतीस कातरल्या. त्याची बायको एडिथ क्षयाच्या रुग्णालयात होती. तिला थिएटरात येता येत नव्हते, म्हणून त्याने ती नजरच तिच्याकडे नेली. ती बरी होऊन आली की तुकडा परत जोडायचा, असे त्याने ठरवले होते. खिडकीच्या उजेडात एडिथ त्या चौकटी एकेक करून पाहत असे. एका चौकटीवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. त्या एकतीस चौकटीही मीच आहे, म्हणून मला हे ठाऊक आहे. एडिथ घरी आली नाही. आणि मग तुकडा जोडायला व्हर्ननचा हात धजेना.

मला थिएटरांना पुरवणारी कंपनी बुडाली आणि मी थिएटरच्या तळघरात राहिले. पुढे स्टुडिओच्या गोदामाला आग लागली. त्यात माझी मूळ निगेटिव्ह जळाली. इतर प्रती कुठे कुठे हरवल्या. जगात मी एकटी उरले, आणि माझ्यात अ‍ॅडा मागे वळून पाहत नव्हती. जिन्याच्या मध्यावरून ती एका झटक्यात मोटारीत बसलेली दिसे.

सत्तरच्या सुमारास जून हॅलोरन नावाची एक विद्यार्थिनी आली. वही आणि सेकंद मोजायचे घड्याळ घेऊन तिने मला सहा वेळा पाहिले. मोठी होऊन तिने माझी गोष्ट नव्याने, रंगांत सांगितली.

तो चित्रपट मी त्याच यंत्रावर, माझ्यामागून लागलेला पाहिला आहे, आणि मनापासून सांगते, तो सुंदर आहे. माझ्यात खलनायकाचा चेहरा शेवटपर्यंत सावलीत राहतो. जूनने त्याला भर दुपारी, उघड्या धक्क्यावर उभे केले, आणि तो जास्तच भीतिदायक झाला. माझ्या नायकाला जी सुरी नीट धरता येत नव्हती, ती तिच्या नायकाने एक महिना कारखान्यात राबून शिकून घेतली. तिच्या चित्रपटाच्या प्रतीच्या अंगात चांदी नाही, रंगद्रव्ये आहेत. ती माझ्याआधी फिकट होतील, याचेच मला वाईट वाटते. आणि जूनची अ‍ॅडा मागे पाहत नाही. जिन्याच्या मध्यावरून एकदम मोटारीत. त्या झटक्याची फार वाहवा झाली. काय दगडाच्या काळजाची बाई, असे लोक म्हणू लागले.

चौऱ्याऐंशी सालच्या एका रविवारी दुपारी थिएटरच्या मालकीणबाई डोलोरेस अरियागा यांनी आम्हा दोघींचे खेळ पाठोपाठ ठेवले. दुसऱ्या दिवशी चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेची माणसे मला न्यायला येणार होती. मला धुऊन, पुसून, माझ्यावरून नवी निगेटिव्ह बनणार होती. माझ्यात जे नाही, ते यापुढे कुठेच असणार नव्हते.

खेळ संपल्यावर जून जिना चढून यंत्राच्या खोलीत आली, मागोमाग डोलोरेसही.

“मिस्टर टॅकेट, सगळे मला एकच विचारतात. अ‍ॅडाला मागे का बघू दिलं नाहीस? मी सांगते, मूळ दिग्दर्शकानंच दिलं नाही, तर मी कोण देणारी!”

“त्या एका झटक्यावर पेपरवाल्यांनी अख्खं पान भरलं,” डोलोरेस म्हणाल्या. “माझं छत पंधरा वर्षं गळतंय, त्याच्यावर कुणी एक ओळ लिहीत नाही. काय रे व्हर्न, आज रीळ गुंडाळतोयस की अंगाई म्हणून झोपवतोयस?”

व्हर्नन हसला नाही. तो मला फार सावकाश गुंडाळत होता.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू फक्त धुळीने आणि आगीने नष्ट होत नाहीत. कोणीतरी प्रेमाने थोडेसे काढून घेते, परत ठेवायचे राहून जाते, आणि पुढची माणसे त्या उणिवेलाच आमचे रूप समजतात. तुमच्याकडे कोणाचे असे काही असेल, तर ते सांभाळा, आणि वेळेवर परत करा.

“जून,” व्हर्नन म्हणाला, “दिग्दर्शकानं तिला बघू दिलं होतं.”

त्याने चष्म्याचे घर उघडले आणि अस्तराखालून ती पट्टी काढली. सगळे सांगितले. रुग्णालय, खिडकी, कात्री.

“तेहतीस वर्षं!” डोलोरेस म्हणाल्या. “आणि रोज माझ्यासमोर बसून सँडविच खात होतास, लबाडा!”

जूनने पट्टी दिव्यासमोर धरली. एकेक चौकट पाहत ती शेवटापर्यंत गेली.

“म्हणजे माझी अ‍ॅडा चुकली?”

“तुझी बाई तुझी आहे. तशा बायकाही असतात. मी पाहिल्यात. पण ही वळली होती.”

जूनने पट्टी पुन्हा दिव्याजवळ नेली. मग म्हणाली, “हिच्यावर बोटाचा ठसा आहे.”

“एडिथचा.”

“ती माणसं आधी प्रत्येक चौकट धुतात, मिस्टर टॅकेट. मगच जोडतात. ठसा राहणार नाही.” तिने पट्टी त्याच्या तळहातावर परत ठेवली. “ठेवा तुमच्याकडे. मी कुणाला सांगणार नाही. माझं काय, माझी तर वाहवाच झालीय.”

खाली शेवटची माणसे दार ढकलून बाहेर पडत होती. व्हर्ननने पट्टी उजेडात धरून ठशाची ती एकच चौकट पाहिली. मग माझा तिसऱ्या रिळाचा, जिन्याच्या दृश्याचा डबा पुन्हा उघडला.

“उद्या त्यांना सांग, जून. नवी निगेटिव्ह करण्याआधी ही जोडा म्हणावं. ठसा धुऊ देत.”