आप्पांचं घुमणं

आप्पा वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. त्यामुळे मागच्या सीटवरून आवाज आला, तेव्हा सुनेला आधी वाटलं, काचेच्या फटीतून वारा शिरतोय.

दर आठवड्याला ती सासऱ्यांना घेऊन डोंगरावरच्या इस्पितळात जायची. मेंदूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही एकदम नेली होती. नवरा जहाजावर, घरात हे दोघंच, आणि दाराशी नवऱ्याची जुनी डिझेल गाडी. आप्पांचा सगळा जन्म वीजघरात टर्बाइनच्या घरघरीत गेला. घरीही ओरडूनच बोलायचे, शेजारी म्हणायचे, आप्पांना फोनची गरजच काय! तो माणूस आता भिंतीतल्या कपाटासारखा गप्प झाला होता.

"घूंऽऽऽ…"

तिने आरशात पाहिलं. आप्पांचे ओठ मिटलेले, डोळे सताड उघडे, आणि गळ्यातून एकाच पट्टीतला सूर.

"आप्पा, काय होतंय? दुखतंय का?"

सूर हलला नाही. तोवर ती खडीच्या ट्रकला मागे टाकायला उजवीकडे निघाली होती. ट्रकच्या निम्म्यावर आली आणि पायाखालचं पेडल मेलं. पार तळाला दाबलं, तरी गाडी कुणी शेपटीला धरून ठेवल्यासारखी जागीच रांगायला लागली. समोरच्या वळणावरून बस उगवली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून ती कशीबशी त्याच्या पुढे शिरली. जाताना बसवाल्याने घातलेल्या शिव्या तिला आशीर्वादासारख्या वाटल्या. मागे आप्पा गप्प झाले होते.

तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. लहानपणी हातात खुळखुळा दिला तर फेकायचा आणि पाना दिला तर झोपायचा, म्हणून घरात त्याचं नाव पडलं पाना. त्याने स्कॅनर लावला, बॉनेटमध्ये डोकं खुपसलं आणि थोड्या वेळाने एक जाड रबरी पाइप तिच्यासमोर वाकवून धरला. पाइपाला लांब चीर होती.

"हा बघ, कसा दात काढून हसतोय. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, ती इथून पळत होती. उभ्या गाडीत ही चीर मिटलेली असते. चढावर दाब आला की उघडते, आणि ताकद गुल."

"पाना, आप्पा आधी घुमायला लागले. मग गाडी गेली."

"ताई, म्हाताऱ्या माणसाला गाणं सुचू नये का?" तो हसला. नवा पाइप बसवून त्याने गाडी पिटाळून आणली. "घोडी झालीये नुसती!"

पुढच्या खेपेला घोडी खरंच सुसाट होती. चढ अजून लांब होता, रस्ता सपाट, आणि मागून पुन्हा तेच. घूंऽऽऽ. या वेळी तिने गाडी कडेला घेतली. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. एकही दिवा नाही, धूर नाही. आपलंच डोकं फिरलंय, असं म्हणून ती पुन्हा निघणार, तेवढ्यात बॉनेटखालून बारीक शिटी सुरू झाली. शिटीचा सूर आणि आप्पांचा सूर एकमेकांवर तंतोतंत बसले, आणि कुठला कुणाचा ते कळेना. गाडी पुढे ओढेना. आधी आप्पा, मग गाडी. हा क्रम चुकत नव्हता.

"मी स्वतः बसतो शेजारी," पाना म्हणाला. "चढावर काय होतं ते मला या कानांनी ऐकू दे." आप्पांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तेही मागे बसले.

सकाळ असूनही डोंगरावर दाट धुकं होतं. रस्त्याचा काठ दिसत नव्हता. पानाने मांडीवर स्कॅनर धरला होता. चढ लागला आणि आप्पा घुमायला लागले.

पाना मागे वळला. त्याचं हसू ओठांवरच राहिलं. "आकडे तर ठीक आहेत, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "चालव."

सूर चढत गेला. आजवर तो कधी चढला नव्हता. आणि मग तिच्या खांद्यावर एक हात पडला आणि घट्ट आवळला गेला. तिने आरशात पाहिलं. तो आप्पांचा उजवा हात होता, साधा चमचाही न पेलणारा.

तिने गाडी डोंगराच्या बाजूला घातली, थांबवली आणि किल्ली फिरवून बाहेर काढली.

इंजिन बंद झालं नाही.

किल्ली तिच्या मुठीत होती, पाय पेडलवर नव्हता, आणि इंजिनाचा आवाज वाढतच चालला होता. मागून पांढऱ्या धुराचा लोट उठला, धुक्यात मिसळला आणि जगच नाहीसं झालं. गाडी थरथरत किंचाळत होती, आणि त्या किंचाळीच्या आत आप्पा.

"टर्बो फुटला! स्वतःचंच ऑइल पितंय ते!" पाना ओरडला. "टॉप गिअर टाक! ब्रेकवर उभी राहा! आता क्लच सोड, एकदम!"

तिने सोडला. गाडीने आचका दिला, पुढे झेपावली, हिसके खाल्ले आणि मेली.

पण सूर मेला नाही. त्या शांततेत आप्पा एकटेच घुमत होते. मोठं चाक बंद केल्यावर फिरत फिरत मंदावत जावं, तसा तो सूर खाली उतरत गेला, जाड झाला, आणि विरला. हात खांद्यावरून गळून पडला. पानाने आप्पांचा कोट नीट केला.

टर्बो उघडला तेव्हा दांडा मोडलेला निघाला. त्याला ऑइल पोचवणारी नळी काजळीने बुजली होती. दांडा कोरडा फिरून झिजत गेला होता, फुटका पाइप हा वरवरचा रोग. "मी पाइपावरच समाधान मानलं, दांडा हलवूनसुद्धा पाहिला नाही," पाना म्हणाला. नळी बदलली, नवा टर्बो आला. डॉक्टरांनी आप्पांचा उजवा हात उचलून सोडला, तो लाकडासारखा पडला. "या हाताने पकडणं शक्य नाही," ते म्हणाले. सुनेने वाद घातला नाही. खांद्यावर चार बोटांचे निळे वळ होते आणि ते तिने ओढणीखाली झाकले.

गाडी ठणठणीत झाली. आप्पा गप्प. तिला हळूहळू पुन्हा रस्त्याची भीती वाटेनाशी झाली.

मग एका दुपारी पाना जेवायला आला. मन लावून जेवत होता, बहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. समोरच्या खुर्चीत बसलेल्या आप्पांनी मान वळवली. त्यांची नजर पानाच्या छातीवर थांबली.

"घूंऽऽऽ…"

घास पानाच्या हातातच राहिला. खिडकीतून गाडी दिसत होती, बंद, रिकामी. फ्रिज गप्प होता. पंखा बंद होता.

"ताई," तो म्हणाला, "घरात काही चालू आहे का गं?"

"नाही."

ती उठली, किल्ली घेतली आणि त्याला दंडाला धरून उठवलं. "मला काही होत नाहीये," असं तो वाटभर म्हणत राहिला. इस्पितळात डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली, जागा बदलली, पुन्हा लावली आणि नर्सला हाक मारली. हृदयाची एक झडप फाटत चालली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर कुठेतरी गाडीखाली पडल्यापडल्याच संपला असता.

पाना वाचला. आता जड उचलत नाही, पण जीभ पूर्वीसारखीच चालते. फक्त बहिणीकडे येताना उंबऱ्याबाहेरच थांबतो आणि आत डोकावून विचारतो, "गप्प आहेत ना गं?" ती हो म्हणाली की मगच पाऊल टाकतो, आणि तरीही आप्पांच्या समोरची खुर्ची टाळतो.

सुनेला ती टाळता येत नाही. रोज दोन्ही वेळा समोर बसून तिला त्यांना भरवावं लागतं. चमचा ओठांशी नेताना आप्पा तिच्याकडे बघतात, आणि ती श्वास रोखून त्यांच्या गळ्याकडे बघते.